पाणी सोडायचं कुठं?

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डोळ्याचं चित्र काढायची मला जुनी सवय आहे. एक वर्तुळ, पुढे बुबुळाचा फुगवटा, मागे देठासारखी नस. त्या दिवशी समोर बसलेल्या काकांसाठी मी तेच चित्र काढलं, त्यात नळीची बारीक रेघ ओढली आणि म्हटलं, "आत तुंबलेलं पाणी या नळीनं बाहेर काढायचं." काकांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. उजव्यावर एकदा ऑपरेशन झालं होतं, पण त्याची वाट बुजली होती. चार प्रकारचे थेंब चालू होते, तरी प्रेशर ३२ च्या खाली उतरत नव्हतं. कागद उजव्या डोळ्याजवळ नेऊन त्यांनी ती रेघ निरखली आणि विचारलं, "बाई, काढाल खरं, पण सोडाल कुठं? चर कुणीबी खणतंय. पाणी कुठं न्यायचं ते आधी ठरवाया लागतं."

हे काका १९७२ च्या दुष्काळात, मिसरूड फुटायच्या वयात, पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होते. पाणी कसं वागतं हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांनी एका दमात विचारलेल्या प्रश्नाचं धड उत्तर शोधायला डोळ्यांच्या डॉक्टरांना साठएक वर्षं लागली. हट्टी काचबिंदूसाठी डोळ्यात नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेवरचं हे पुस्तक त्याच प्रश्नाभोवती फिरतं, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात त्यांच्यापासून केली.

हे पाणी कोणतं ते आधी सांगते, कारण ओपीडीत निम्मा गोंधळ इथंच होतो. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात. हे पाणी आत तयार होतं आणि आतच फिरतं. डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या मागे झालरीसारखा एक भाग आहे, तिथून ते मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर झरतं. दिवसाकाठी साधारण तीन मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. बुबुळाची काच आणि मागचं भिंग पारदर्शक राहायचं तर त्यांत रक्तवाहिन्या असून चालत नाही. त्यांचं खाणंपिणं या पाण्यावरच असतं. काम झालं की पाणी बाहुलीतून पुढे येतं, आणि बुबुळ व रंगीत पडदा जिथं मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळतं. जाळी चोंदली तरी मागचा झरा थांबत नाही, आणि दाब चढतो. बहुतेकांच्या डोळ्याचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. तो पेलवेनासा झाला की मागच्या नसेतले दहा-बारा लाख तंतू हळूहळू मरू लागतात. एकदा मेलेला तंतू पुन्हा जिवंत करायचा उपाय आज कुणाकडेही नाही.

शिवाय हे सगळं बहुधा मुकाट्यानं चालतं. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. आधी कडेची नजर जाते. माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, जिन्याची शेवटची पायरी चुकतो आणि वयाला दोष देतो. भारतात सुमारे १ कोटी २० लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज आहे. दक्षिण भारतात लोकांमध्ये जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांतल्या दहांपैकी नऊंहून अधिक जणांना त्याचा पत्ताच नव्हता. आपल्या भाषेनंही यात थोडी भर घातली आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू या जोडनावांमुळे दोन्ही एकाच घरातले वाटतात, आणि मोतीबिंदूसारखा हाही 'पिकायची' वाट बघत लोक घरी बसतात. मोतीबिंदूला वर्षभर उशीर झाला तरी बहुतेकदा नजर परत मिळते. काचबिंदूत त्या वर्षात जे गेलं ते गेलंच.

उपचारांची सुरुवात थेंबांनी होते, आणि बहुतेकांचं आयुष्य थेंबांवर निभावतं. पण थेंब वेळेवर, रोज, जन्मभर घालायचे असतात. त्यातल्या एका नेहमीच्या औषधाची बंद बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि उघडलेली २५ अंशांपर्यंतच टिकते. काकांच्या गावी मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि घरात फ्रिज नव्हता. त्यांच्या सूनबाईंनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली होती. ते ऐकलं आणि मी कौतुकानं बघत राहिले. औषधाच्या चिठ्ठीवर मी फक्त 'थंड जागी ठेवणे' असं लिहिलं होतं. ती थंड जागा घरात कशी करायची, ते त्या बाईनं शोधून काढलं होतं.

थेंब आणि लेझर पुरे पडत नाहीत तेव्हा पाण्याला नवी वाट काढून द्यावी लागते. १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी मांडलेली ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही त्यासाठीची प्रमुख शस्त्रक्रिया. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत अर्ध्या जाडीची झाकणी करायची, तिच्याखाली भोक पाडायचं आणि पाणी वरच्या पातळ आवरणाखाली येऊ द्यायचं. तिथं छोटा फुगवटा तयार होतो आणि पाणी त्यातून जिरतं. हजारो डोळे या शस्त्रक्रियेनं वाचले आहेत आणि आजही मी ती करते. पण हिचं दैव विचित्र आहे. इतर कुठल्याही ऑपरेशननंतर जखम भरून आली की रोग्याचे नातलग पेढे आणतात. इथं जखम भरली की ऑपरेशन फसलं. शरीराला ते भोक म्हणजे दुरुस्त करायची जागा वाटते. ते तंतू विणत जातं, वण घट्ट होतो आणि वाट बुजते. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन हे कर्करोगावरचं औषध दोन-तीन मिनिटं तिथं लावून भरून येण्याचा वेग मंद करतात.

काही डोळ्यांत तेवढ्यानंही भागत नाही. जिथं आधीच ऑपरेशन होऊन वण पडला आहे, मधुमेहानं डोळ्याचा मागचा पडदा खराब होऊन कोपऱ्यात नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत, वारंवार आतली सूज येते, बुबुळाचं रोपण झालं आहे, मार लागून आतली घडी विस्कटली आहे, किंवा मूल जन्मतःच काचबिंदू घेऊन आलं आहे, अशा डोळ्यांना आम्ही हट्टी म्हणतो. ते भोक टिकू देत नाहीत. नळी मुख्यतः त्यांच्यासाठी.

भोक बुजतं तर त्यात काहीतरी अडकवून ठेवावं, हा विचार जुना आहे. १९०७ च्या सुमारास फ्रान्समध्ये रोले आणि मोरो यांनी डोळ्याच्या कडेतून चक्क घोड्याचा केस आरपार घालून बघितला. १९१२ मध्ये झोराब यांनी रेशमाचा धागा वापरला. त्यानंतर सोनं, प्लॅटिनम, काच, प्लॅस्टिक, जे जे शरीरात गंजत नाही ते ते वापरून झालं. काही दिवस पाणी वाहायचं. मग बाहेरच्या तोंडाशी वण जमायचा आणि सगळं बंद. दरवेळी वाटायचं की नळीचा पदार्थ चुकला, आणि नवा पदार्थ शोधला जायचा. खरं तर नळी उघडीच असायची. तिच्या पलीकडे पाण्याला थांबायला जागा नव्हती. सगळे चर खणत होते, पाणी कुठं न्यायचं ते कुणी ठरवलं नव्हतं.

ते ठरवलं दक्षिण आफ्रिकेतल्या अँथनी मोल्टेनो यांनी. त्यांनी १९६९ मध्ये आपलं पहिलं उपकरण प्रसिद्ध केलं. आखूड नळी, आणि तिच्या बाहेरच्या टोकाला ॲक्रिलिकची छोटी चकती. नळीचं पाणी चकतीवर उतरणार. चकतीभोवती शरीर सवयीप्रमाणे वणाची पिशवी विणणार. पण आत चकती असल्यामुळे ती पिशवी मिटू शकत नाही. तिच्या भिंती चकतीपासून सुट्या राहतात, पाणी त्या पोकळीत साठतं आणि भिंतींतून झिरपून बाहेरच्या केशवाहिन्यांत जातं. जो वण इतकी वर्षं वाट बुजवत आला, त्याच्याकडूनच मोल्टेनोंनी तलावाचा बांध घालून घेतला.

पहिल्या रचनेत एक अडचण होती. चकती बुबुळाच्या अगदी जवळ बसायची, वरचं आवरण झिजून उघडी पडायची. काही वर्षांत मोल्टेनोंनी नळी लांब केली आणि चकती बुबुळाच्या कडेपासून नऊ-दहा मिलिमीटर मागे, पापणीआड, स्नायूंच्या मधल्या जागेत नेली. तिथं आवरण जाड असतं आणि जागा प्रशस्त. पुढे ते न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला गेले आणि आयुष्यभर याच कामाला वाहून घेतलं. आज जगात वापरात असलेली अशी बहुतेक सगळी उपकरणं या लांब नळीच्या आणि मागे बसवलेल्या चकतीच्या वंशातली आहेत. डोळ्यांच्या शास्त्रात मला सगळ्यांत जास्त आदर कुठल्या कल्पनेबद्दल वाटतो असं विचारलं, तर मी हीच सांगेन.

काकांना मी हे पाझर तलावाच्या भाषेत सांगितलं आणि ते लगेच खुलले. तलाव किती मोठा, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्नही नेमका होता. मोल्टेनोंची एक चकती १३४ चौरस मिलिमीटरांची होती. १९९० मध्ये जॉर्ज बेअरवेल्ट यांनी मऊ सिलिकॉनची मोठी, पसरट चकती आणली. तिची ३५० चौरस मिलिमीटरांची आवृत्ती सर्वांत रुळली. क्षेत्रफळ धरलं तर साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी. ५०० वाली चकतीही करून पाहिली, पण ३५० पेक्षा तिनं अधिक काही साधलं नाही. बांधाच्या भिंतीतून पाझर किती लागतो हे तलावाच्या आकाराइतकंच भिंतीच्या जाडीवर ठरतं. भिंत पातळ आणि सच्छिद्र राहिली तर दाब उतरतो, जाड आणि कोरडी झाली तर पाणी आतच अडतं. चकती कारखान्यात मोजून-मापून तयार होते. भिंत मात्र ज्याच्या त्याच्या शरीरात तयार होते, आणि एकाच वयाच्या, एकाच आजाराच्या दोन माणसांत ती सारखी होत नाही.

आता उलटी अडचण. भिंत तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर नळी मोकळी ठेवली तर पाणी धो-धो निघून जातं, दाब एकदम शून्याकडे जातो आणि डोळा सुरकुतलेल्या फुग्यासारखा मऊ पडतो. आतल्या थरांखाली पाणी किंवा रक्त साचून उरलीसुरली नजरही जाऊ शकते. यावर दोन मार्ग निघाले, आणि रुग्णाला कोणतं उपकरण बसवलं आहे हे कळणं त्यासाठीच गरजेचं आहे.

पहिला मार्ग झडपेचा. क्रुपिन यांनी १९७६ मध्ये झडपेची नळी आणली होती. पण घराघरांत पोचलेलं नाव म्हणजे १९९३ पासून वापरात असलेला अहमद व्हॉल्व्ह. तो मतीन अहमद यांनी घडवला. त्यात सिलिकॉनचे दोन पातळ पडदे ताणून बसवलेले असतात आणि दाब ८ ते १२ च्या आसपास गेला की ते उघडावेत अशी योजना असते. त्याची चकती १८४ चौरस मिलिमीटरांची, अंगठ्याच्या नखाएवढी. लहान मुलांसाठी आणखी लहान मिळते. ऑपरेशनच्या टेबलावर या उपकरणाशी होणारी पहिली भेट मला अजूनही आवडते. पाकिटातून काढल्यावर ते पडदे एकमेकांना चिकटलेले असतात. तसंच बसवलं तर थेंबही पुढे जाणार नाही. म्हणून नळीच्या तोंडात बोथट सुई घालून सलाइन ढकलायचं. आधी अडतं, बोटाला विरोध जाणवतो. मग अचानक तो सुटतो आणि चकतीच्या बाजूला केसाएवढं कारंजं उडतं. मायक्रोस्कोपच्या उजेडात ते कारंजं दिसलं की नर्स मान डोलावते आणि आम्ही पुढं सरकतो. हे तीन-चार सेकंदांचं काम एखाद्यानं विसरलं तर पुढचं सगळं ऑपरेशन वाया.

दुसरा मार्ग गाठीचा. बेअरवेल्टसारख्या झडप नसलेल्या उपकरणात नळीभोवती विरघळणाऱ्या धाग्याची गाठ करकचून मारतात. पाच-सहा आठवड्यांत धागा विरतो आणि तोवर भिंत तयार झालेली असते. हे आठवडे रुग्णाला फार कठीण जातात. नळी बसली आहे, पण वाहत नाही. प्रेशर पहिल्यासारखंच, थेंब चालूच, घरचे विचारतात मग ऑपरेशन कशाला केलं? मग एके दिवशी, बहुधा ध्यानीमनी नसताना, गाठ सुटते आणि दाब घसरतो. त्या दिवसांत जड उचलू नका, खाली वाकून जोर करू नका, नजर धुरकट झाली तर उद्यावर ढकलू नका, हे आम्ही पुन्हा पुन्हा का सांगतो त्याचं कारण हेच. झडपवाल्यांनाही एक घाट चढावा लागतो. सुरुवातीला छान उतरलेला दाब पहिल्या तीनेक महिन्यांत पुन्हा वर जातो, कारण नवी भिंत सुरुवातीला दाट असते. पुष्कळांत ती पुढे थोडी सैल होते. तोपर्यंत थेंब पुन्हा सुरू करावे लागतात. त्यानं खचून जाऊ नये.

कोणतं चांगलं? या प्रश्नावर मोठे अभ्यास झाले आहेत. अहमद आणि बेअरवेल्ट यांची तुलना २७६ रुग्णांवर झाली. पाच वर्षांनी बेअरवेल्टच्या गटातला दाब सरासरी दोन मिलिमीटरांनी कमी राहिला. पण दाब फार उतरल्यामुळे झालेलं नुकसानही त्याच गटात जास्त होतं. अहमदच्या गटात जे फसले ते मुख्यतः दाब पुन्हा चढल्यामुळे. म्हणजे ज्याची नस अगदी काठावर आहे त्याचं गणित वेगळं, आणि ज्याचा दाब आज रात्रीच उतरायला हवा त्याचं वेगळं. त्याआधी नळी विरुद्ध ट्रॅबेक्युलेक्टॉमी असा आणखी एक अभ्यास झाला होता. त्यात आधी मोतीबिंदूचं किंवा काचबिंदूचं ऑपरेशन झालेले २१२ डोळे होते. पाच वर्षांचे निकाल २०१२ मध्ये आले. नळीच्या गटात सुमारे ३० टक्के फसले, ट्रॅबेक्युलेक्टॉमीच्या गटात सुमारे ४७ टक्के. त्यानंतर नळीला शेवटचा उपाय मानायची सवय मोडत गेली. पण हा आकडा मी रुग्णांपासून लपवत नाही. पाच वर्षांत दहांतल्या तिघांना पुन्हा काहीतरी करावं लागू शकतं, हे ऑपरेशनच्या सहीआधी सांगितलं पाहिजे. सही झाल्यावर ते सांगण्यात अर्थ नसतो.

किमतीबद्दल बोलल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. परदेशातून येणारं उपकरण परवडत नाही म्हणून डोळा सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदूचं भिंग स्वस्त व्हावं म्हणून १९९२ मध्ये त्याच संस्थेनं ऑरोलॅब हा कारखाना काढला. त्याच ऑरोलॅबनं २०१३ मध्ये बेअरवेल्टच्या धर्तीवर ३५० चौरस मिलिमीटरांचं, झडप नसलेलं उपकरण बाजारात आणलं. तेव्हा त्याची किंमत सुमारे ५० डॉलर होती. परदेशी उपकरणांना त्याच्या कित्येक पट मोजावे लागत. 'स्वस्त म्हणजे कमअस्सल' अशी शंका अनेक डॉक्टरांनीही घेतली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या निकालांनी ती खोडून काढली आहे. काकांच्या डोळ्यात हेच उपकरण आहे. ते नसतं तर त्यांच्यापुढे मी केसपेपर उलटा करून चित्र काढलं असतं का, याची मला खात्री नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशन कसं होतं ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर आलं आहे. त्यातली एकच पायरी इथं सांगावीशी वाटते. चकती मागे टाक्यांनी बसवली, नळी मापानं तिरकी कापली, सुईनं वाट करून तिचं टोक बुबुळ आणि रंगीत पडदा यांच्या मधल्या जागेत सरकवलं, की एक धोका उरतो. पांढऱ्या भिंतीवरून जाणारी नळी वरच्या पातळ आवरणाला आतून सतत घासते. महिन्या-वर्षांनी ते झिजतं, नळी उघडी पडते आणि जंतूंना थेट डोळ्यात शिरायला रस्ता मिळतो. म्हणून नळीवर एक ठिगळ घालतात. ते बहुतेकदा नेत्रपेढीतून येतं, दान केलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचा तुकडा. नेत्रदान म्हटलं की आपल्याला बुबुळ आठवतं, आणि ते खराब निघालं तर डोळा फुकट गेला असं वाटतं. पण ती भिंत बाटलीत वर्षभरही जपून ठेवता येते. मी तो तुकडा सलाइनमध्ये भिजवते, कात्रीनं नखाएवढा कापते आणि नळीवर चार टाके घालते. ज्या घरानं अंत्ययात्रेच्या गडबडीत, रडारडीत नेत्रपेढीला फोन केला, त्या घराला हे कधीच कळत नाही. या पानावर तरी त्यांचे आभार मानते.

मुलांबद्दल बोलताना मला शांत राहता येत नाही. दर उन्हाळ्यात डोळे खाजणारी, लाल होणारी मुलं आपल्या भागात पुष्कळ. ॲलर्जीच असते. स्टेरॉइडचा थेंब घातला की दोन दिवसांत खाज थांबते. मग चिठ्ठीशिवाय तीच बाटली पुन्हा, पुढच्या वर्षी पुन्हा. काही मुलांच्या डोळ्यांत त्या औषधानं जाळी बंद पडत जाते आणि दाब चढतो. डोळा पांढराशुभ्र दिसत असतो, म्हणून घरचे निश्चिंत. आठवीतला एक मुलगा फळ्यावरचं दिसत नाही म्हणून आला तेव्हा त्याच्या एका डोळ्याची नस जवळजवळ पांढरी पडली होती. चार वर्षं घरात तीच बाटली चालू होती. कोणा एका दुकानाचा हा दोष नाही, सगळ्या व्यवहाराचाच आहे. त्याच्या दुसऱ्या डोळ्यात नळी घातली. मुलांच्या डोळ्यांत नळी मोठ्यांपेक्षा जास्त त्रास देते. मुलं डोळे चोळतात, वाढतात, नळीचं टोक सरकतं, बुबुळाच्या आतल्या पेशींना लागतं. त्या मुलाला पुढची साठ वर्षं ती सांभाळायची आहे. पुस्तकातलं स्टेरॉइडवरचं प्रकरण लांबलं आहे अशी कुणाची तक्रार असेल तर ती मी आनंदानं ऐकून घेईन.

हे पुस्तक मराठीत व्हावं असं मला ज्या दिवशी तीव्रतेनं वाटलं, त्या दिवशी चूक माझी होती. एका निवृत्त शिक्षिकेच्या डोळ्यात मी नळी बसवली. दाब ४० वरून १३ वर आला. मी बाहेर येऊन त्यांच्या मुलाला म्हटलं, "ऑपरेशन यशस्वी झालं." महिन्याभरानं बाई आल्या त्या पर्समध्ये वर्तमानपत्राची घडी घेऊन. आता वाचायच्या चष्म्याचा नंबर काढून द्या, म्हणाल्या. यशस्वी म्हणजे दिसणार, असंच त्यांनी आणि घरच्यांनी धरलं होतं, आणि कुणीही तसंच धरलं असतं. मोतीबिंदूनं आपल्या सगळ्यांना तीच सवय लावली आहे. पट्टी निघते आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. मी त्यांना सांगितलं की ही नळी गेलेली नजर आणत नाही, उरलेली राखते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंत तर मी तयारीनं आले असते." त्यांनी ऑपरेशनला नकार दिला नसता, हे मला माहीत आहे. तरी तयारीनं यायचा त्यांचा हक्क मी घाईत हिरावून घेतला होता. तेव्हापासून नजर येणार नाही हे वाक्य मी आधी बोलते आणि बाकीचं मग.

नळी बसवलेल्या डोळ्याला कायमचं लक्ष लागतं. वरची पापणी उचलून आरशात बघायची सवय ठेवावी. तिथं पांढरं काही उघडं पडलेलं दिसलं, डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, चिकट पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. एकाची दोन दिसू लागली तर तेही सांगावं. मागची चकती स्नायूंजवळ असते, त्यामुळे असं होऊ शकतं. आणि काहीच होत नसेल तरी ठरल्या तारखेला यावं. ज्यांचं सगळं ठीक चाललं आहे तेच लोक यायचे थांबतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

काकांचं सांगायचं राहिलं. गाठ बांधलेल्या दिवसांत त्यांचं प्रेशर तिशीच्या आसपासच राहिलं. दर आठवड्याला एसटीनं यायचे, मशीनवर हनुवटी टेकवायचे आणि आकडा विचारायचे. सोबत सूनबाई असायच्या. त्यांनी मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत पट्टीनं रकाने आखले होते: तारीख, प्रेशर, कोणते थेंब, किती वाजता घातले, पुढं कधी बोलावलं. शेवटच्या रकान्याला मथळा नव्हता. तिथं त्या त्यांना वाटेल ते लिहायच्या. 'आज डोळा जड.' 'रात्री झोप लागली.' एकोणचाळिसाव्या दिवशी काका आले ते नजर जरा धुरकट आहे म्हणत. प्रेशर ९ होतं. चकतीवरचा फुगवटा दिव्याखाली पहिल्यांदा भरलेला दिसला. मी आकडा सांगितला, सूनबाईंनी तो लिहिला, आणि काका म्हणाले, "लागला म्हणायचा पाझर." दोन आठवड्यांनी धुरकटपणा गेला. आता ते तीन महिन्यांनी येतात. प्रेशर १२ ते १४ असतं, थेंबांची एकच बाटली उरली आहे आणि ती अजून माठाजवळच असते.

ती वही मी त्यांच्याकडून दोन दिवसांसाठी मागून घेतली होती. या पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं जोडली आहेत, त्यांवरचे रकाने त्या वहीतले आहेत, बिनमथळ्याचा शेवटचा रकानाही.